कोलंबीची खिचडी, आवाज स्वच्छ

नोकरीच्या मुलाखतीत मला एकाच गोष्टीबद्दल विचारलं गेलं. तेही फोनवर, आणि विचारणारा माणूस माझ्यापासून सात फुटांवर बसला होता. उरणच्या बाजारात एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. मी खुर्चीत टेकले, डिप्लोमाचे कागद पिशवीतून काढायला लागले, तर त्यांनी हातानेच 'राहू दे' म्हटलं. एक रिसीव्हर माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला, माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "काल काय जेवलीस?"

"सुका जवळा आणि तांदळाची भाकरी," मी म्हटलं.

"कुणी केलं?"

"मीच. आईला बरं नव्हतं."

"तिखट झालं होतं?"

"झालं होतं थोडं."

त्यांनी रिसीव्हर ठेवला, खुर्ची वळवली आणि समाधानाने म्हणाले, "उद्यापासून ये. तुझा 'ज' आणि 'झ' वेगळा ऐकू येतो. फार थोड्या लोकांचा येतो." माझे कागद त्यांनी त्या दिवशी पाहिले नाहीत, पुढे कधीही पाहिले नाहीत. मी नवी मुंबईत चार वर्षं कॉल सेंटरमध्ये होते, दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून माझं डोकं उठलं होतं आणि म्हणून मी घरी परत आले होते, हे सांगायचं मी ठरवून आले होते. तेही राहिलं.

त्यांना सगळे काका म्हणायचे. माणूस मूळचा चौलकडचा, घरची नारळ-सुपारीची वाडी, ती भाऊ बघायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सरकारी टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबांवर आणि खड्ड्यांत काढली. बरोबरचे लोक इंटरनेटला शिव्या घालत निवृत्तीची वाट बघत बसले तेव्हा ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि उरणात कंपन्यांचे फोन इंटरनेटवर टाकून द्यायचा धंदा सुरू केला. टेबलावरचा फोन, खिशातला मोबाईल, कॉम्प्युटरवरची मीटिंग, लेखी निरोप, सगळं एका नंबरावर आणायचं. मोठ्या कंपन्या ह्याला इंग्रजीत लांबलचक नाव देतात आणि चकचकीत पुस्तिका छापतात. काका ग्राहकाला एवढंच सांगायचे, "माणसाला एकदाच हाक मारायची. तो असेल तिथून त्याने ओ द्यायची. बास."

आमचे ग्राहक म्हणजे बंदराच्या आसपासची कंटेनर यार्डं, ट्रान्सपोर्टवाले, करंजाचा एक बर्फाचा कारखाना, थळला एक कंत्राटदार, आणि खाली पार हरिहरेश्वरपर्यंत दोन-चार लॉज. व्हॅनच्या टपावर शिडी, मागे वायरींची भेंडोळी, चालवणारी मी. काका शेजारी बसून रस्ताभर बोलत. कमरेला पट्ट्याला लटकवलेला जुना, काळा टेस्ट फोन असायचा, खांबावरच्या तांब्याच्या तारेला चिमटे लावून ऐकायचा. इंटरनेटच्या फोनला तो कुठेच लागत नाही. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "तुझ्या गळ्यातली चेन कशाला लागते?"

सर्व्हर असलेल्या खोलीच्या बाहेर चपला काढायच्या, हा त्यांचा नियम. यार्डातल्या खोल्यांत इंचभर धूळ असायची, तरी काढायच्या. लाईनीतल्या दोषांनाही त्यांची स्वतःची नावं होती. आवाज कापरा आला की 'थरथर'. शब्द मधूनच गायब झाले की 'गळती'. आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकू आलं की 'भूत'. मुंबईच्या एका कंपनीच्या इंजिनिअरला त्यांनी फोनवर सांगितलं, "अहो, तुमच्या बाजूने गळती आहे आणि संध्याकाळी भूत येतं," तर त्या बिचाऱ्याने फोन ठेवून दिला होता.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे तो जेवणाचा प्रश्न. नवी लाईन चालू केली की बाकीचे लोक 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' करतात. काकांना त्याची चीड होती. त्यांचं म्हणणं, आकडे म्हणताना माणूस शाळेत उभा राहिल्यासारखा बोलतो, त्या आवाजावरून लाईनीचं काही कळत नाही. जेवणाबद्दल विचारलं की तो स्वतःच्या आवाजात येतो. शिवाय 'सुरमई'मधला 'स' किती फुटतो, 'बोंबील'चा 'ब' किती घुमतो, 'वाटाण्याची उसळ' म्हणताना शेवटचा 'ळ' पोचतो का, ह्यावरून त्यांना सगळं कळायचं. काका स्वतः कांदासुद्धा चातुर्मासात सोडणारे, पण तपासायला मासे उत्तम, असं त्यांचं ठाम मत.

आणि हे सगळं ते तपासणीच्या कागदावर लिहायचे. छापील तक्ता होता, त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'लाईन चार. कोलंबीची खिचडी. आवाज स्वच्छ.' 'लाईन पाच. उपास. आवाज स्वच्छ, थोडा अशक्त.' थळच्या कंत्राटदाराकडे मुंबईहून हिशेब तपासणारे आले, त्यांनी हे कागद बघून विचारलं की टेलिफोनच्या फायलीत कँटीनचा मेनू कसा काय आला. कंत्राटदार बापडा काय सांगणार! त्याने आम्हाला फोन लावला. काका त्या तपासनिसालाच म्हणाले, "आज काय जेवलात?" आणि त्याचं उत्तर ऐकून त्याच तक्त्यात खाली एक ओळ वाढवायला सांगितली.

होल्डवर ठेवलेल्या माणसाला बासरी ऐकवायची, ह्याला त्यांचा विरोध होता. "तो माणूस अडलाय म्हणून फोन करतोय आणि आपण त्याला गाणं म्हणून दाखवायचं?" त्यांनी स्वतःच्या आवाजात एक वाक्य रेकॉर्ड करून सगळ्या ग्राहकांकडे बसवलं होतं. दर वीस सेकंदांनी यायचं, "थांबा हं. माणूस बोलावलाय. येतोय." लोकांना वाटायचं खराच कोणीतरी बोलतोय. ट्रकवाले त्याच्याशी भांडायचे. एका यार्डात मी स्वतः ऐकलंय, पलीकडून ड्रायव्हर ओरडत होता, "अरं, कवापास्नं बोलावतंस, त्याला हाताला धरून आन ना!" आणि काका शांतपणे परत, "थांबा हं. माणूस बोलावलाय."

काका गोड होते असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. हट्टी होते. वेळ पाळायचे नाहीत, मला पाळायला लावायचे. शिडीवर मी आणि खालून सूचना ह्यांच्या. केलेलं काम तीनदा उघडायला लावायचे. आणि चारचौघांत टोमणा मारायची खोड होती, त्यात आपण कुणाला लागेलसं बोललो हे त्यांच्या गावीही नसायचं.

हरिहरेश्वरच्या एका लॉजमध्ये आम्ही बारा खोल्यांचे फोन बसवत होतो. काऊंटर पुढे, स्वयंपाकघर अंगणापलीकडे मागे. संकष्टी होती. सकाळपासून बायका खोबरं खोवत बसलेल्या. स्वयंपाकघरातला फोन शेवटचा. मी तिथे खाली बसून वायरीच्या टोकाला पिन बसवत होते. फोनला वायर अजून जोडलेलीच नव्हती. ताटं द्यायच्या खिडकीतून मला अंगणापलीकडे काऊंटरपाशी काका दिसत होते, शेजारी लॉजचे मालक. काकांनी रिसीव्हर उचलला, नंबर दाबला आणि मोठ्याने विचारलं, "काय, आज काय बेत?" मग थोडं थांबले, मान हलवली. "वा! उकडीचे मोदक! छान." रिसीव्हर ठेवला आणि मालकांना म्हणाले, "आवाज अगदी स्वच्छ."

माझ्या एका हातात वायर होती, दुसऱ्या हातात पक्कड. आधी मला वाटलं गंमत करताहेत. मग बघितलं तर ते तक्त्यात लिहीत होते. मी वायर जोडली.

परतताना दिघीला व्हॅन फेरीबोटीवर चढवली आणि आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. म्हटलं, "काका, स्वयंपाकघराची वायर मी तेव्हा लावलीच नव्हती." ते समोर बघत राहिले. मी परत म्हटलं. परत काही नाही. मग मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि तिसऱ्यांदा तेच बोलले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा जाऊन दोन वर्षं झाली. उजवा जातोय."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"उरणात डॉक्टरच्या दारात सगळे आपलेच ग्राहक बसलेले असतात. एकाने बघितलं की संपलं."

"आणि नाही दाखवलं तर?"

"बहिऱ्याकडून फोन कोण बसवून घेईल, तूच सांग," ते म्हणाले. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणाने. "हे गेलं की मी भावाच्या ओसरीवर जाऊन बसायचं. दोन वेळा ताट येईल. दुसरं काय आहे माझ्याकडे?" बोट आगरदांड्याला लागली. गाडी सुरू करताना मीच म्हटलं, "मी ऐकत जाईन." खरं सांगते, मला त्यांचा पुळका आला होता. तेव्हा नीट विचार केला असता तर बरं झालं असतं.

मग आमची पद्धत ठरली. तपासणीच्या वेळी मी हेडसेट लावून त्याच कॉलवर ऐकायचं, त्यांना दिसेन असं बसायचं. माझं पेन कानावर खोचलेलं असलं की लाईन चांगली. पेन हातात घेतलं की काहीतरी बिघाड. मग काका 'हूं, थोडी गळती दिसते' म्हणून रिसीव्हर ठेवायचे आणि मी जाऊन बघून यायची. लोकांना संशय यायला जागा नव्हती.

राहिला जेवणाचा प्रश्न. तो सोडायला काका तयार नव्हते. त्यांनी स्वतःचा अभ्यास चालू केला. कोण सोमवार धरतो, कोणाचा गुरुवार, कोणाची चतुर्थी, कुठल्या ऑफिसात डबे घरून येतात आणि कुठे खानावळीतून, सगळं पाठ. आणि रोज सकाळी हा शुद्ध शाकाहारी माणूस उरणच्या मासळी बाजारातून एक फेरी मारून यायचा. आज कशाचे ढीग मोठे लागलेत, काय स्वस्त झालंय, ते बघायचं. बोंबलाच्या पाट्या भरलेल्या असल्या की दुपारी निम्म्या यार्डात बोंबीलच असणार. विकणाऱ्या बायका वैतागायच्या. "काका, घेतंव का रोज निस्तं बगाला येतंव?" काका हात जोडून पुढे सरकायचे. दुपारी फोनवर प्रश्न विचारायचे, समोरच्याला बोलायला वेळ द्यायचे आणि "वा, बोंबील!" म्हणायचे. दहात आठ वेळा बरोबर यायचं. दोनदा चुकलं तर लोक म्हणायचे, काका मस्करी करतात.

असं दीड वर्ष चाललं. फोन आला की मी ऐकायचं, मग काकांना सांगायचं. बैठकीत ग्राहक काय म्हणाला ते मी परत त्यांच्या उजव्या कानाशी म्हणायचं. त्यांच्या मोबाईलवर आलेले फोनही मीच घ्यायची, 'काका शिडीवर आहेत' म्हणून. दिवसभर प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकावं लागायचं, एकदा ग्राहकाच्या तोंडून, एकदा माझ्याच. मी थकले होते. घरी गेले की मला कुणाचा आवाज नको व्हायचा. आई म्हणायची, "घरा येतंस न भिंतीसारखी बसतंस. मेले एक शबूद बोलत न्हायस." टीव्ही लावला तरी मी उठून बंद करायची.

ह्यावर उपाय होता. आवाज किती स्वच्छ आहे हे मोजणारी सॉफ्टवेअर मिळतात. प्रत्येक कॉल कसा झाला, कुठे तुटला, कुठे उशीर झाला, सगळं पडद्यावर आलेखात दिसतं. बहिऱ्यालासुद्धा दिसतं. मी एक महिना खपून ते शिकले आणि काकांसमोर मांडलं. माझ्या मनात होतं, आता ह्यांनाही सुटका, मलाही सुटका. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे जेवत नाही." मी दोनदा, तीनदा मांडलं. दर वेळी तेच.

त्याच सुमारास पाटीलशेठच्या यार्डाचं मोठं काम आमच्याकडे आलं. पाटीलशेठ म्हणजे यार्डाचे मॅनेजर. आमच्याच गावाकडचे, दणदणीत आवाजाचे, आणि नव्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणारे. कॉम्प्युटरवर ज्याच्या नावापुढे हिरवा ठिपका तो जागेवर आहे, ही सोय आम्ही त्यांना दाखवली, तर चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "ए पोरी, ह्यो ठिपका खोटा बोलतंय. त्यो कारकून चायच्या टपरीवं न ठिपका हिरवा कसा?" जाऊन बघितलं तर कारकुनाने मनगटातलं घड्याळ काढून त्याच्या काचेवर माऊस ठेवला होता. सेकंदकाटा फिरेल तसं माऊसला वाटायचं कुणीतरी हलवतंय, आणि ठिपका हिरवाच राहायचा. काका इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि हसता हसता पाटीलशेठना, सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "आमच्या मॅडमचं तसंच आहे. कान दिलेत देवाने, पण त्यांच्यावर विश्वास नाही. त्यांना पडद्यावर चित्र लागतं."

सगळे हसले. पाटीलशेठ तर टेबलावर थाप मारून हसले.

दीड वर्ष ह्या माणसाच्या वाटचं मी ऐकत होते. माझे कान! मी घरी जाऊन आईशी बोलत नव्हते, ते कुणासाठी? मला इतका राग आला की जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. काकांना त्यातलं काही कळलं नाही. व्हॅनमध्ये बसल्यावर ते त्या घड्याळाबद्दलच बोलत होते.

पुढच्या आठवड्यात अंतिम तपासणी होती. मुंबईहून एक साहेब आले होते. सगळे फोन त्यांच्यासमोर तपासायचे, मग ते सही करणार आणि त्यांच्या बाकीच्या यार्डांचं कामही आम्हालाच मिळणार, असं बोलणं झालं होतं. वरच्या मजल्यावर बैठकीच्या खोलीत साहेब, पाटीलशेठ, दोन कारकून, काका आणि मी. सकाळपासून चाळीसच्या वर लाईनी झाल्या. मी पेन कानावर ठेवून बसले होते, काका प्रश्न विचारत होते, साहेबांनाही मजा वाटायला लागली होती. शेवटचा फोन गेटवरचा. ते गेट चांगलं अर्धा किलोमीटर लांब. पाटीलशेठ म्हणाले, मीच जातो गेटवर, आणि मोटरसायकलवर गेले.

काकांनी नंबर लावला. पलीकडून फोन उचलल्याचा खट आवाज मला हेडसेटमध्ये आला आणि नंतर काही नाही. नुसती पोकळी.

इंटरनेटच्या फोनमध्ये हा दोष नेहमीचा आहे. जाणारा आवाज एका वाटेने जातो, येणारा दुसऱ्या वाटेने येतो. येणाऱ्याची वाट यंत्रात उघडायची राहिली की आपलं बोलणं तिकडे पोचतं, तिकडचं इकडे येत नाही. मला लगेच कळलं. पेन काढून हातात घ्यायचं, एवढंच काम होतं.

"काय पाटीलशेठ," काका म्हणाले, "आज काय जेवलात?"

थांबले. माझ्याकडे बघितलं. माझं पेन कानावर होतं. मी खिडकीबाहेर बघत होते. एक क्रेन निळा कंटेनर उचलत होती. मी ती बघत राहिले, पेन तिथेच राहू दिलं. मनात म्हटलं, घ्या आता, ठेवा कानांवर विश्वास.

"वा!" काका म्हणाले. "बोंबलाचं कालवण! आवाज एकदम स्वच्छ." आणि लिहायला लागले.

साहेबांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं. मोटरसायकलचा आवाज आला, जिन्यावर पावलं वाजली आणि पाटीलशेठ दारात आले, घामाघूम. "अवो काका, कंचा बोंबील? मी अजून जेवलो न्हाय! मना तुमचा सगला आयकू येत होता, न मी तिकरनं वरडतंय, माझा येतंय का, माझा येतंय का, त तुमी मनताव कालवन!"

साहेब आधी हसले. मग त्यांनी काकांच्या हातातला तक्ता ओढून घेतला आणि वाचायला लागले. "म्हणजे ह्या बाकीच्या टेस्ट पण अशाच केल्यात का?"

मला अजूनही सावरता आलं असतं. काकांनी तुमची मस्करी केली, म्हटलं असतं तरी पाटीलशेठनी ऐकलं असतं. जिभेवर आलं होतं. काका माझ्याकडे बघत होते. रागावले नव्हते. नुसती वाट बघत होते. आणि मी काही बोलले नाही.

तेव्हा काकांनी कमरेचा तो काळा टेस्ट फोन सोडून टेबलावर ठेवला, वजन हलकं करावं तसा, आणि म्हणाले, "साहेब, माझा डावा कान गेलाय. उजवा जवळपास गेलाय. दीड वर्ष झालं, ऐकते ही आणि सही करतो मी. आधीचे सगळे फोन हिने ऐकलेत, ते उत्तम आहेत. त्याची हमी मी देतो. गेटचं काय ते तिला विचारा."

"येणारा आवाज बंद आहे," मी म्हटलं. "एक वाट उघडायची राहिलीय. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?" साहेबांनी मला विचारलं.

हे काकांना ऐकू आलं नसणार. पण साहेब माझ्याकडे वळून बोलले आणि माझा चेहरा उतरला, एवढं त्यांनी पाहिलं. "तिला वेळ मिळाला नाही," ते मधेच म्हणाले. "घाई माझी झाली."

दहा मिनिटांत गेट सुरू झालं. साहेबांनी सही केली, पण आमच्या बाजूची सही माझी हवी म्हणाले. काकांनी स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं. बाहेर पडताना पाटीलशेठ दाराशी उभे होते. "काका, मना म्हाईत नव्हता वो," एवढंच म्हणाले. व्हॅनमध्ये काका माझ्या शेजारी बसले आणि पहिल्यांदाच रस्ताभर एक अक्षर बोलले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात ते प्रत्येक ग्राहकाकडे स्वतः गेले. एकट्याने, एसटीने. बसून सांगितलं की मला ऐकू येत नाही, इथून पुढे ही बघेल. काही ग्राहक तुटले, बरेचसे राहिले. आठव्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि चौलला गेले. मी 'थांबा' म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

आता मीच चालवते सगळं. सॉफ्टवेअर आहे, आलेख आहेत, तक्रारी कॉम्प्युटरवर येतात, त्यांना नंबर असतात. आलेख म्हणतो आवाज चांगला आहे, ग्राहक म्हणतो नाही, आणि मी दिवसभर दोघांच्या मधे बसते. होल्डवरचं ते वाक्य बहुतेकांनी काढून टाकायला लावलं. पोरं कामाला आहेत, ती हुशार आहेत. तरी मला थकायला होतं. कामाने नाही, हे मला कळायला वेळ लागला.

दोनदा चौलच्या फाट्यावरून परत फिरले. तिसऱ्यांदा थळचं काम लवकर संपलं आणि मी गाडी सरळ वाडीत घातली. काका ओसरीवर बसून सुपाऱ्या सोलत होते. बारीक झाले होते. मला बघून उठले, आणि बघते तर कानामागे छोटं यंत्र. मी दुरूनच "काका" म्हटलं ते त्यांना ऐकू आलं.

"भावाने घ्यायला लावलं," ते म्हणाले. "आता सगळं ऐकू येतं. कावळे किती बोलतात गं!" धंद्याचं विचारलं. पाटीलशेठचं विचारलं. आईचं विचारलं. भावजयीने पोहे आणून ठेवले. मी बशी हातात घेतली आणि खाली ठेवली.

"काका, त्या दिवशी गेटच्या फोनवर..."

त्यांनी हात वर केला. कानामागचं यंत्र काढलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात ठेवून बसले. "हां," म्हणाले. "आता बोल."

मी बोलले. सगळं बोलले. पलीकडचं ऐकू येत नाही हे मला कळलं होतं, पेन मुद्दाम काढलं नाही, राग आला होता, तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या कानांवरून हसलात त्याचा. साहेबांनी विचारलं तेव्हाही सावरता आलं असतं, तेही केलं नाही. तुमचं सगळं गेलं ते माझ्यामुळे गेलं. बोलता बोलता मी रडायला लागले, शब्द धड येईनात, तरी थांबले नाही. काका पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. एकदाही नजर हलवली नाही.

मी थांबले. त्यांनी अजून थोडा वेळ वाट बघितली, काही राहिलंय का म्हणून. मग यंत्र काढून कानाला लावलं.

"झालं?"

"झालं."

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले, आणि गार झालेले पोहे गरम करून आणायला आत गेले.